स्पॅनिश ‘फास्ट’ वाटतं तेव्हा: नव्याने ऐकायला बसणाऱ्यांसाठी

स्पॅनिशच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या कुठल्याही नव्या बॅचमध्ये पहिला ऑडिओ वाजला की अर्ध्या मिनिटात एक वाक्य येतंच: “सर, हे लोक फार फास्ट बोलतायत.”

या वाक्यातला शेवटचा शब्द पुन्हा वाचा. पुस्तकातल्या मराठीत तो ‘बोलत आहेत’ असा असतो. तक्रार करणाऱ्याने ‘आहेत’चा आ आधीच्या ‘त’ला चिकटवला, ह गिळला आणि त्याचं ‘तायत’ केलं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. एखादी जर्मन मुलगी पुस्तकावरून मराठी शिकून पुण्यात उतरली, तर ‘काय करतोयस’, ‘नाहीये’, ‘पायजे’ ऐकून तीही म्हणेल की मराठी माणसं भयंकर फास्ट बोलतात. स्पॅनिश ऐकताना आपली जागा या मुलीची असते. हा लेख ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्यांवरच्या लोकांसाठी आहे. ‘फास्ट’ या एका शब्दामागे लपलेल्या वेगवेगळ्या अडचणी सुट्या करायच्या आणि एकेकीचा समाचार घ्यायचा, एवढाच त्याचा आवाका.

आधी तक्रारीत तथ्य किती ते पाहू. थोडं आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी 2011 मध्ये एकाच मजकुराचे अनुवाद वेगवेगळ्या भाषिकांकडून वाचून घेतले आणि सेकंदाला किती अक्षरं, म्हणजे उच्चारातली अक्षरं, पडतात ते मोजलं. स्पॅनिश 7.82, इंग्रजी 6.19, जर्मन 5.97, चिनी 5.18. स्पॅनिशच्या पुढे फक्त जपानी होती, तीही केसभर. कारण सोपं आहे: तोच अर्थ सांगायला स्पॅनिशला अक्षरं जास्त लागतात. 1992 हे साल आपण ‘एकोणीसशे ब्याण्णव’ असं सहा अक्षरांत उरकतो. स्पॅनिशमध्ये ते ‘मिल नोबेसिएन्तोस नोबेन्ता इ दोस’ होतं, आणि भरभर जोडून म्हटलं तरी नऊ अक्षरं भरतात. याच मंडळींनी पुढे 2019 मध्ये सतरा भाषा तपासल्या, तेव्हा दर सेकंदाला पोचणारी माहिती सगळीकडे साधारण सारखीच निघाली, सुमारे 39 बिट (बिट म्हणजे माहिती मोजायचं एकक). म्हणजे स्पॅनिश माणूस छोटी पावलं भरभर टाकतो, पण गावाला तुमच्याबरोबरच पोचतो.

हिशेब केला तर स्पॅनिश इंग्रजीच्या सव्वापट निघते. नवशिक्याला मात्र ती दुप्पट-तिप्पट वाटते. ही वरची वाढ ध्वनिफितीत नसते, ती आपल्या कानात तयार होते. अ‍ॅन कटलर या मानसभाषाशास्त्रज्ञ बाईंनी अनोळखी भाषा बोलणारा प्रत्येक माणूस भडाभडा बोलतोय असं वाटण्याच्या या भासाबद्दल लिहून ठेवलं आहे. शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे कळलं नाही, की कानाला तो एकच लांबलचक शब्द वाटतो, आणि लांबलचक शब्द एका दमात म्हणणारा माणूस अर्थातच फास्ट वाटतो.

पायरी पहिली: दुखणं कुठलं ते ठरवा

यासाठी तीस सेकंदांचा ऑडिओ घ्या. त्याची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दन् शब्द लिहिलेला मजकूर, हवीच. ट्रान्सक्रिप्ट नसलेला ऑडिओ पहिले सहा महिने हातात घेऊ नका, तो कितीही चांगला असो. मजकूर न बघता दोनदा ऐका, कळेल ते कागदावर उतरवा, मोडकंतोडकं चालेल. मग मजकूर वाचा.

वाचूनही कळलं नाही, तर अडचण शब्दांची आहे, वेगाची नाही. तो ऑडिओ अर्ध्या वेगाने लावलात तर न कळणारे शब्द जास्त वेळ ऐकू येतील, इतकंच. ओळीमागे दोनहून जास्त शब्द अनोळखी असतील तर सरळ बाजूला ठेवा आणि सोपं काही घ्या. यात कमीपणा नाही.

वाचल्यावर “अरे, एवढंच होतं?” असं झालं, सगळे शब्द ओळखीचे निघाले, तर अडचण सांध्यांची, म्हणजे बोलताना शब्द एकमेकांना जुळतात त्या जागांची आहे. माझ्या अनुभवात दहातले सात जण इथे सापडतात, आणि यातले बहुतेक सगळे सुरुवातीला स्वतःला ‘वेगवाले’ समजत असतात.

तिसरा प्रकार असा की एकेक वाक्य थांबवून ऐकलं तर कळतं, पण सलग लावलं की तिसऱ्या वाक्यापाशी गाडी सुटते. पहिल्या वाक्याचा अर्थ लावेपर्यंत दुसरं येऊन गेलेलं असतं. खरी वेगाची तक्रार ही. तिच्यावर औषध आहे, पण ते चौथ्या पायरीत.

पायरी दुसरी: संधी सोडवायला शिका

हा लेखातला सगळ्यात मोठा भाग आहे, कारण वेळही इथेच सगळ्यात जास्त द्यायचा आहे.

शाळेत संधी शिकलो तो कागदावरचा: विद्या अधिक आलय, विद्यालय. स्पॅनिशमध्ये संधी लिहीत नाहीत, फक्त बोलतात. कागदावर शब्द सुटे दिसतात, तोंडातून ते जुळूनच बाहेर पडतात. गंमत म्हणजे आपणही हेच करतो. ‘मला असं वाटतं’ हे घाईत ‘मलासं वाटतं’ होतं, ‘एक आंबा दे’चं ‘एकांबा दे’ होतं. त्यामुळे नियम नवे नाहीत, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नाही.

पहिला नियम: शब्दाच्या शेवटी व्यंजन आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला, की व्यंजन उडी मारून पुढे जातं. ‘लोस आमीगोस’, म्हणजे मित्र, हे ऐकू येतं ‘लो-सा-मी-गोस’. मग नवशिक्या शब्दकोशात ‘सामीगोस’ शोधत बसतो. मीही शोधला आहे.

दुसरा नियम: स्वराला स्वर भिडला की दोघांचं मिळून एक अक्षर होतं, आणि सारखेच स्वर असतील तर एक दुसऱ्यात विरघळतो. ‘एस्ता आकी’, म्हणजे इथे आहे, याचं ‘एस्ताकी’ होतं. ‘बोय आ आसेर’, म्हणजे मी करणार आहे, याचं ‘बोयासेर’ होतं. या तीन शब्दांतलं मधलं ‘आ’ कागदावर ठसठशीत उभं असतं आणि कानाला सापडतच नाही.

तिसरा खरं तर नियम नाही, डोळ्याने लावलेला चकवा आहे. स्पॅनिशमध्ये एच हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत. आपण शब्द वाचून पाठ केलेला असतो, त्यामुळे मनात तिथे एक ‘ह’ किंवा निदान एक फट असते. बोलणाऱ्याच्या तोंडी ती फट नसते. ‘आज काय केलंस?’ हा प्रश्न कागदावर चार शब्दांचा आहे: के, आस, एचो, ओय. यातल्या शेवटच्या तिन्हींची सुरुवात एचने होते, आणि ऐकू येतं ‘के-आ-से-चोय’. चारही शब्द पहिल्या महिन्यातले. ऐकल्यावर ओळखू येईल एकही नाही.

हे सांधे इतके पक्के असतात की कधीकधी दोन वेगळी वाक्यं कानाला एकच होतात. ‘लास आबेस’ म्हणजे पक्षी, ‘ला साबेस’ म्हणजे तुला ती माहीत आहे. उच्चारात दोन्ही ‘लासाबेस’. श्लेष शिकताना ‘औषध न लगे मजला’ आणि ‘औषध नल गे मजला’ हे उदाहरण व्याकरणाच्या तासाला आपण घोकलेलं असतं. तीच गोष्ट. स्पॅनिश माणसालाही इथे संदर्भच तारतो, त्याचा कान काही आपल्यापेक्षा तिखट नसतो.

आता काम. रोज ट्रान्सक्रिप्टच्या पाच ओळी घ्या आणि पेन्सिलीने सांधे जोडा, दोन शब्दांखाली छोटा कंस काढून. मग ऑडिओ लावून तपासा की तुम्ही जोडलं तिथे खरंच जुळतंय का. मग तेच मोठ्याने म्हणा, जोडून. लाजू नका, दार लावून घ्या हवं तर. जो सांधा आपल्या तोंडाला जमतो तो कानाला सापडायला लागतो; उलट प्रत्येक शब्द तोडून बोलायची सवय लागलेला माणूस ऐकतानाही तोडलेलेच शब्द शोधत राहतो. शुद्धलेखनासारखी श्रुतलेखनाची एक वही ठेवा. दिवसाला दोन वाक्यं ऐकून उतरवायची आणि चुका लाल करायच्या. पंधरा दिवसांनी लाल खुणा कुठे पडतात ते बघा. माझ्या वहीत त्या जवळपास सगळ्या ‘आ’, ‘दे’, ‘लो’, ‘से’ या चिमुकल्या शब्दांवर होत्या. मोठे शब्द कधीच चुकले नव्हते.

पायरी तिसरी: जोर ऐका

ही खास मराठी अडचण आहे. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला त्यावरून अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान जोराकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये अर्थ बदलतो. ‘आब्लो’ यात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. ‘पापा’ पहिल्यावर जोर देऊन म्हटलं तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, शेवटच्यावर दिला तर बाबा. गोष्ट ऐकताना कोणी कधी काय केलं याचा गोंधळ उडतो आणि आपण म्हणतो, फास्ट होतं. वेगाचा त्यात काही दोष नसतो, जोर निसटलेला असतो.

नियम एका ओळीचा आहे: लिहिलेल्या शब्दाचा शेवट स्वराने किंवा एन, एस या वर्णांनी झाला तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, इतर व्यंजनाने झाला तर शेवटच्यावर, आणि या नियमाबाहेरच्या शब्दावर तिरकी खूण लिहिलेलीच असते. ट्रान्सक्रिप्टमध्ये जोराच्या अक्षराखाली टिंब द्या आणि ऑडिओबरोबर टिंबांवर बोटाने टेबल वाजवा, तालासारखं. दहा-बारा दिवसांत सलग आवाजात उंचवटे दिसू लागतात. एका उंचवट्याला साधारण एक महत्त्वाचा शब्द.

पायरी चौथी: वेग कमी करायचाच असेल तर

‘हळू’ दोन प्रकारचं असतं आणि नवशिके दोन्हींची गल्लत करतात. एक शिक्षकाचं हळू: प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक ‘स’ स्वच्छ, मध्ये जागा. दुसरं यंत्राचं हळू: यूट्यूबवर किंवा प्लेअरमध्ये वेग 0.75 केला की आवाजाची पट्टी तीच राहते, पण सगळं ताणलं जातं. पहिल्या प्रकारात सांधे उसवलेले असतात, दुसऱ्यात ते शाबूत असतात, फक्त मोठे होऊन दिसतात. म्हणून नवे शब्द, नवा अर्थ शिकायला शिक्षकाचं हळू चांगलं, आणि सांधे ओळखायला यंत्राचं. नुसतं शिक्षकाचं हळू वर्षभर ऐकत राहिलात तर अशी भाषा पक्की होईल जी वर्गाबाहेर कोणी बोलत नाही. मी हे केलं आहे. आठ महिने. मग एका मेक्सिकन पाहुण्याने स्वतःचं नाव सांगितलं तेही मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

यंत्राचा वेग 0.75च्या खाली नेऊ नका. अर्ध्यावर नेलात तर स्वर ओघळतात, त-द-प यांच्या कडा बोथट होतात, आणि बोलणारा दारू प्यायल्यासारखा वाटतो. त्यातून शिकण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या प्रकारच्या दुखण्यावर, म्हणजे अर्थ लावायला वेळ पुरत नाही त्यावर, यापेक्षा चांगलं औषध आहे: थांबा. इंग्रजी शिकणाऱ्यांवरच्या, 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोलणं हळू करण्यापेक्षा मध्ये विराम घातल्याने समज जास्त सुधारली होती. युरोपातल्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीत ए-वनच्या ऐकण्याचं वर्णनही तसंच आहे: अतिशय सावकाश, काळजीपूर्वक उच्चारलेलं आणि अर्थ लावायला लांब विराम सोडलेलं बोलणं समजू शकतो. तेव्हा ए-वनला असताना विराम मागणं हा तुमचा हक्कच आहे. मूळ वेगातच लावा, पण वाक्याचा तुकडा संपला की पॉज दाबा, ऐकलं ते पुटपुटा, अर्थ मनात बसला की पुढे. शब्दाच्या मध्ये दाबू नका, नाहीतर तुम्हीच नवे खोटे सांधे तयार कराल. हळूहळू दर तुकड्याऐवजी दर वाक्याला, मग दर दोन वाक्यांना थांबायचं.

पायरी पाचवी: कुणाचं स्पॅनिश ऐकायचं

पहिले सहा महिने एकाच भागाचं. बोगोता, कीतो, मेक्सिको सिटी अशा उंचावरच्या शहरांतलं स्पॅनिश घ्या, तिथे व्यंजनं बऱ्यापैकी जागेवर राहतात. मेक्सिकोत मात्र जोर नसलेले स्वर ‘स’च्या शेजारी बारीक होतात, ‘पुएस’चं पार ‘प्स’ होतं. माद्रिदचंही चालेल. मेक्सिकोत ‘स’ ऐकू येतो अशा काही जागी माद्रिदमध्ये जीभ दातांमध्ये धरून ‘थ’सारखा आवाज काढतात, दोन दिवसांत सवय होते. ‘-आदो’ने संपणाऱ्या शब्दांतला ‘द’ तिथे बोलताना गळतो, ‘कान्सादो’ म्हणजे दमलेला, तो ‘कान्साओ’ होतो.

क्युबा, पुएर्तो रीको, दोमिनिकन प्रजासत्ताक, दक्षिण स्पेनमधला आन्दालुसिया आणि चिले हे भाग नंतरसाठी ठेवा. तिथे अक्षराच्या शेवटचा ‘स’ हलक्या ‘ह’सारखा होतो किंवा पार नाहीसा होतो. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही, संस्कृतात ‘मनस्’चा ‘मनः’ होतो तसंच ‘लोस आमीगोस’चं ‘लोः आमीगोः’. पण अनेकवचनाची खूणच विसर्गात गेल्यावर एक मित्र की दहा हे कळायला कान तयार लागतो.

साहित्यात सुरुवातीला चित्रं काढत, हातवारे करत बोलणारे, पातळीवार लावलेले व्हिडिओ उत्तम. ‘ड्रीमिंग स्पॅनिश’ यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. ‘रादिओ आम्बुलान्ते’ हा 2012 पासूनचा पत्रकारितेचा पॉडकास्ट ट्रान्सक्रिप्टसकट मिळतो, पण तो बी-वन, म्हणजे तिसरी पातळी झाल्यावर. आधी लावलात तर हिरमुसाल.

मालिकांबद्दल एक सावधगिरी. इंग्रजी सबटायटल लावून ऐकणं म्हणजे इंग्रजी वाचन. स्पॅनिश सबटायटल लावलीत तरी मालिका मूळ स्पॅनिश असेल याची खात्री करा. कोरियन किंवा इंग्रजी मालिकेचं डबिंग आणि सबटायटल हे बहुतेक वेळा दोन वेगळे अनुवाद असतात, ऐकू येतं एक आणि दिसतं दुसरंच. मग बिचारा नवशिक्या स्वतःच्या कानाला दोष देतो.

पायरी सहावी: रोजची वीस मिनिटं

एक ऑडिओ चार दिवस पुरवा. पहिल्या दिवशी न बघता, मूळ वेगात दोनदा, मग तुकड्यातुकड्याने. दुसऱ्या दिवशी ट्रान्सक्रिप्ट, कंस आणि टिंबं, अडलेल्या जागांपुरताच 0.75 वेग. तिसऱ्या दिवशी बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्या सावलीसारखं म्हणत जायचं. चौथ्या दिवशी पुन्हा न बघता, मूळ वेगात, फक्त दोनदा. दोनदाच का, तर इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या डेले या स्पॅनिश परीक्षेत, ए-वन पातळीलाही, ऑडिओ दोनदाच वाजतो. दिवसाचा शेवट कधीही कमी वेगावर करू नका. कानात शेवटी राहायला हवा तो खरा वेग.

पायरी सातवी: समोर माणूस असेल तर, आणि फोनवर असेल तर

समोरच्याला ‘मास देस्पासियो, पोर फाबोर’, म्हणजे जरा हळू, असं सगळेच शिकवतात. त्याचा परिणाम दोन वाक्यं टिकतो, तिसऱ्याला गडी मूळ चालीवर. त्यापेक्षा ‘मे लो पुएदे रेपेतीर?’, ते पुन्हा सांगाल का, हे विचारा. पुन्हा सांगताना माणूस बहुधा आपणहून वाक्य सोपं करतो, आणि तुम्हाला विरामही मिळतो. मेक्सिकोत नुसतं ‘मान्दे?’ म्हटलं तरी चालतं, आपल्या ‘काय म्हणालात?’सारखं आदबीचं आहे.

‘पुएस’, ‘बुएनो’, ‘ओ सेआ’, ‘एस के’, ‘आ बेर’ हे शब्द ओळखून ठेवा. आपले ‘म्हणजे’, ‘तर’, ‘काय आहे ना’ यांचे ते भाऊ. त्यांचा अर्थ लावत बसू नका. ते आले की तुमच्या डोक्याला अर्धा सेकंद सुट्टी मिळाली असं समजा.

फोन सगळ्यात कठीण. ओठ दिसत नाहीत, आणि साध्या फोनच्या ओळीवर साधारण 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ एकमेकांसारखे वाटू लागतात. पुण्या-हिंजवडीत बसून लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांना हे सांगायला नको. आकड्यांत तर हमखास फसगत होते: ‘सेसेन्ता’ म्हणजे साठ, ‘सेतेन्ता’ म्हणजे सत्तर, फरक एका व्यंजनाचा. म्हणून आकडा ऐकला की एकेक अंक सुटा करून लगेच परत म्हणून दाखवा: ‘सेइस, सेरो?’ सहा, शून्य? पलीकडून ‘सी’ आल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही.